वाटेवरचं खोरं

कांदाटी खोऱ्याला दुर्गम म्हणायला लोकांनी सुरुवात केली ती धरण झाल्यावर. त्याआधी आमचं खोरं गैरसोयीचं होतं, पावसाचं होतं, हिवतापाचं होतं, पण आडबाजूला नव्हतं. वाटेवर होतं. मी या भागात टपाल वाटण्यात उभी नोकरी घालवली. त्यामुळं कोणती वाट कधी मोडली आणि का मोडली, एवढं तरी मला सांगता येतं. बामणोलीहून वासोट्याला निघालेली पोरं लाँचमध्ये विचारतात, "काका, पलीकडं माणसं राहायला आलीच कशाला?" त्यांना लाँचच्या आवाजात काय सांगणार? म्हणून हे बैजवार लिहून काढतोय.

आधी नकाशा डोळ्यांपुढं आणा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेला धावते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वाटेत तापोळ्याजवळ तिला सोळशी मिळते आणि खाली बामणोलीसमोर कांदाटी. या कांदाटीच्या काठानं शिंदी, वळवण, उचाट, अकल्पे, निवळी, लामज अशी गावं. त्यांच्या पाठीशी चकदेव, पर्वत, महिमंडणगड आणि दक्षिणेला वासोटा. त्या धारेवर उभं राहिलं की पायाखाली कोकण दिसतं. खेड तालुक्यातल्या वाड्यांची कौलं, होळीच्या दिवसांत तर धूरसुद्धा. आमचा तालुका महाबळेश्वर आणि जिल्हा सातारा, पण माझ्या आजीनं सातारा पाहिलं नव्हतं. खेडचा बाजार तिनं कितीदा केला असेल, देव जाणे.

घाटवाटा पुष्कळ होत्या. हातलोटची होती, आंबिवलीची होती, चकदेवाच्या कड्याला शिड्या लावलेली होती. त्या शिड्या पूर्वी लाकडाच्या, वेलींनी बांधलेल्या. आता लोखंडी आहेत आणि मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक त्यावर फोटो काढतात. आमच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन त्यावरून उतरत, वर काखेला पोर. खालून वर यायचं मीठ, सुकट, बोंबील, नारळ. वरून खाली जायचं तूप, मध, हिरडा, नाचणी. मोठ्या घाटांतून बैलांचे तांडे चालत, आमच्या घाटांतून माणसांची डोकी. मुली खाली दिल्या जात आणि खालच्या वर येत. माझी आत्या खेड बाजूला दिलेली. तिच्या माहेरपणाला घाट चढायला अर्धा दिवस लागे. आज तेच अंतर गाडीनं फिरून जायचं तर किती वेळ लागेल, हे रस्त्यावर दरड आहे की नाही यावर ठरतं.

राजकारणालाही हे खोरं ठाऊक होतं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, कारण देश आणि कोकण यांच्यामधली दारं जावळीकराच्या हातात होती. आडरानासाठी कुणी एवढी उठाठेव करत नाही. १६६१ साली राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैद झाले, त्यांतल्या काहींना वासोट्यावर ठेवलं होतं. पुढं पेशवाईच्या उतरत्या काळात पंतप्रतिनिधींची ताई तेलीण हाच किल्ला घेऊन बसली आणि बापू गोखल्यांसारख्या सरदाराला तिनं महिनोन्‌महिने झुंजवलं. आमच्याकडं तिचं नाव म्हाताऱ्या बायका अजून जरा ठसक्यात घेतात. शेवटच्या बाजीरावानं तर साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरच्या माणसांना याच किल्ल्यावर ठेवलं. त्याच काळात हंटर आणि मॉरिसन नावाचे दोन इंग्रज अधिकारी इथं कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा जुन्या वासोट्यावर चढल्या आणि किल्ला पडला. त्या तोफा याच जंगलातून ओढून नेल्या. ओढणारी माणसं कुठली असतील हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

इथं एक गोष्ट नीट पाहावी लागेल. रस्ता बांधला म्हणजे मुलूख जवळ येतो असं आपण समजतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्ली आणि आंबेनळी घाटांतून गाडीरस्ते झाले. दक्षिणेला चिपळूण-कऱ्हाड, उत्तरेला पोलादपूर-महाबळेश्वर. माल गाडीवर चढला. मधल्या पायवाटांवरून जाणारा व्यापारी मग कशाला डोंगर चढेल? आमच्या घाटांत फक्त आम्हीच उरलो. खोरं पहिल्यांदा एकटं पडलं ते शेजारी दोन चांगले रस्ते झाल्यामुळं.

दुसरा धक्का जंगलखात्याचा. आमच्याकडं सपाट जमीन थोडी, ती नदीकाठाला. बाकी सगळी वरकस, म्हणजे डोंगरउतार. त्यावर कुमरी चाले. माझ्या आजोबांकडून मी ती रीत ऐकली आणि तिचा शेवटचा तुकडा डोळ्यांनी पाहिलाही. पौष-माघात उतारावरची झुडपं कोयत्यानं छाटायची, झाडांचे शेंडे उतरवायचे, खोड मात्र राखायचं. छाटलेलं तिथंच वाळू द्यायचं. उन्हाळ्याच्या शेवटी, वारा पडलेला बघून, वरच्या अंगानं पेटवायचं म्हणजे आग हळूहळू खाली उतरते आणि हाताबाहेर जात नाही. पहिला पाऊस पडला की त्या राखेत नाचणीचं बी. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा. मग तो तुकडा सोडून द्यायचा. कारवी उगवायची, वाढायची, आणि पुन्हा रान झालं की पुन्हा पाळी. दहा-बारा वर्षांनी एकाच जागी परत यायचं. याला जमीन खूप लागते आणि माणसं थोडी.

१८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८७८ चा जंगल कायदा आला, मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. दगडाच्या आतलं रान सरकारचं. कुमरी म्हणजे जंगलाची नासाडी, हे साहेबांचं ठाम मत. आता ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. माणसं वाढली आणि पाळी दहा वर्षांवरून चारावर आली तर डोंगर उघडा पडतोच. पण पाळी आखडली कशानं? फिरायची जमीन दगडांच्या आत गेली म्हणून. जी तक्रार कुमरीवर होती ती निम्मी तरी मोजणीवर लागू होती. कुणी तशी लिहिली असेल तर माझ्या वाचनात नाही.

जमीन आखडली तशी माणसं मुंबईला निघाली. गिरण्या, गोद्या, पुढं मशीद बंदर आणि भाऊचा धक्का. पाटण-जावळीच्या माणसाच्या पाठीला ओझ्याची सवय होतीच. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माथाडी कायदा १९६९ साली झाला तेव्हा आमच्या खोऱ्यात त्याचा अर्थ घरटी एक तरी माणसाला कळला. प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असे. तिथं पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपत, भिंतीला खुंट्या, खुंटीगणिक एकाची पेटी. गावाचं खरं पंचमंडळ त्या खोलीत बसे. देवळाचा कळस, जत्रेचा खर्च, कुणाचं लग्न कुठं, सगळं तिथं ठरून पत्रानं वर येई.

माझा संबंध इथून सुरू होतो. मनिऑर्डर हे आमच्या खोऱ्याचं पीक. भाताचं नाचणीचं चार-पाच महिन्यांत सरायचं, पुढचं वर्ष मुंबईवर. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असे, निरोपासाठी. दोन बोटं जागा. त्यात लोक काय काय बसवत! "बैल विकू नये. आईला सुई दिली का कळवणे." "पैसे कमी आहेत, माल उतरत नाही." "मुलाचे नाव तुम्हीच ठेवा." हे मी उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचो, कारण घरात वाचणारं पोर शाळेत किंवा रानात. बाई डाव्या हाताचा अंगठा उठवायची, मग साक्षीदार शोधायचा, मग नोटा दोनदा मोजायच्या, एकदा मी, एकदा शेजारीण. काही बाया पैसे घेऊन झाल्यावरही तो तुकडा मागून घेत आणि पुन्हा वाचायला लावत. निरोप तोच, पण दुसऱ्यांदा ऐकताना त्या दुसरीकडं बघत. एका घरी सून आणि सासू दोघी मला वेगवेगळं गाठून एकच तुकडा वाचून घेत, कारण त्यात लिहिलं होतं "दोघींनी नीट राहावे" आणि दोघींनाही तो टोमणा दुसरीला आहे असं वाटत होतं.

आता धरण. १९५० च्या दशकात पाटण तालुक्यात देशमुखवाडीपाशी काम सुरू झालं. उंची १०३ मीटर. पाणी अडलं ते मागं पन्नासेक किलोमीटर, थेट तापोळ्यापर्यंत. साठ्याला शिवसागर नाव दिलं. यातली कल्पकता मान्य केली पाहिजे: नदी पूर्ववाहिनी, पण पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात पोफळीला टाकलं, कारण तिकडं सह्याद्रीचा कडाच आयती उंची देतो. १९६२ च्या सुमारास वीज सुरू झाली. मुंबईचे कारखाने त्यावर चालले. आमच्या पलीकडच्या वाड्यांत त्यानंतर कित्येक वर्षं रॉकेलची चिमणीच होती. हे सगळेच सांगतात, मीही सांगून मोकळा होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की पाण्यानं नेमकं काय घेतलं. पाणी चढतं खालून. खाली होती भातखाचरं, नदीकाठची मळई, तालेवार गावं, आठवड्याचा बाजार आणि नदीकाठानं हेळवाककडं जाणारा रस्ता. डोंगर राहिला, वरकस राहिली, गरीब वाड्या राहिल्या. आणि खोऱ्याचा मधला कणाच गेल्यामुळं एका काठावरचा माणूस दुसऱ्या काठाला परका झाला.

शंभराच्या घरात गावं बाधित झाली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ साली, आणि आमचं पाणी चढलं त्याच्या चौदा-पंधरा वर्षं आधी. म्हणजे नियम व्हायच्या आतच आम्ही उठलो होतो. काही गावं सांगली-सोलापूरकडं गेली, काही ठाणे-रायगडात. धो धो पावसातली माणसं माळावर नेऊन बसवली. त्यांतली कितीतरी परत आली. पुष्कळ जण तर गेलेच नाहीत. पाणी जेवढं चढलं तेवढं वर सरकले आणि कारवीचा कूड घालून बसले. आम्ही त्यांतले. मी लहान होतो, सात-आठ वर्षांचा. आठवतं ते असं की वडिलांनी घराचे वासे उतरवले, तुळई चौघांनी वर नेली, आणि चूल मात्र आईनं फोडू दिली नाही. ग्रामदेवतेची शिळा कौल लावून हलवली. देवीनं पहिल्या खेपेला कौल दिला नाही म्हणून तीन दिवस सगळं गाव वर आणि देव खाली.

नवी घरं दगडाची बांधायला पैसा नव्हता. ते पथ्यावर पडलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला. कोयनानगर आणि पाटणच्या भागात सुमारे १८० माणसं गेली. आमच्या वाडीत ज्यांनी मुंबईच्या पैशानं दगडमातीच्या भिंती घातल्या होत्या त्यांच्या भिंती बसल्या. कुडाची घरं डुलली आणि उभी राहिली. त्या हिवाळ्यात सगळेच अंगणात, शेकोटीभोवती झोपत. धरण फुटलं अशी आवई दर दोन दिवसांनी उठायची. आम्ही धरणाच्या वरच्या अंगाला. फुटलं तर पाणी आमच्यापासून लांब जाणार. पण पळायचे आम्हीही.

पाण्यानं सगळंच नेलं असं नाही. उन्हाळ्यात साठा उतरतो आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यात गाळपेर होते. ओल धरलेली काळी माती, खत नको, नांगर जेमतेम. जुनी भांडणं तिथं पुन्हा जिवंत होतात, कारण गाळाखाली कुणाचा बांध कुठं होता हे म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. कागदावर जमीन सरकारची, तोंडी मात्र आजही "हे पाटलाचं", "हे आमचं". मोठ्या दुष्काळी वर्षी देवळाचा चौथरा दिसतो, विहिरीचं तोंड दिसतं. मुंबईची पोरं ते पाहायला येतात. म्हातारे बघतात ते दुसरं: बांध किती सरकलाय.

माझी वाट धरणानंतरची. टपालाची पिशवी महाबळेश्वरहून एसटीनं तापोळ्याला, तिथून लाँचनं आमच्या काठाला, पुढं पायी. पावसाळ्यात लाँच बंद पडली की पिशवी तापोळ्यातच. कोयनेच्या या पट्ट्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर छत्रीचा उपयोग नाही, इरलं हवं. इरल्याखाली पाठ वाकवून चालता येतं आणि पिशवी पोटाशी कोरडी राहते. खात्यानं दिलेला रेनकोट मी लग्नाकार्याला घालायचो. पावसाआधी आगोटीचं भरून ठेवायचं: मीठ, सुकट, रॉकेल, कांदे, माळ्यावर लाकूडफाटा. भिंतींना पश्चिमेकडून गवताच्या ताट्या बांधायच्या, म्हणजे झड आत येत नाही. आषाढात कुणी आजारी पडलं तर डोली. चार खांदेकरी आणि चार बदलीचे, म्हणजे आठ धडधाकट पुरुष. वाडीत आठ पुरुष असतात कुठं? सगळे मुंबईला. मी दोनदा टपालाची पिशवी झाडाला टांगून डोलीला खांदा दिलेला आहे. एकदा वेळेत पोचलो.

१९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रान वाढलं, यात शंका नाही. माझ्या लहानपणी गवा म्हणजे ऐकीव गोष्ट होती, आता तो संध्याकाळी नाचणीत उभा असतो. डुक्करं तर रोजची. शेत राखायला माचाण बांधून रात्रभर डबा वाजवायचा, तो वाजवणार कोण? उरलेली माणसं साठीची. म्हणून शेत पडलं, पडलं म्हणून रान आत आलं, रान आलं म्हणून आणखी दोन घरांना कुलूप लागलं. काही गावांनी पैसे आणि जमीन घेऊन उठणं पत्करलं. त्यांना मी नावं ठेवत नाही. सहाच पोरं उरलेली शाळा कुठं चालते?

आणि आता एकदम उलटी हवा. खेडहून रघुवीर घाट चढून शिंदीला गाडीरस्ता आला, दरडी पडेपर्यंत चालतो. तापोळ्याला तराफ्यावर मोटारी पाणी ओलांडतात. शेजारच्या दरे गावचे एकनाथ शिंदे २०२२ साली मुख्यमंत्री झाले आणि ज्या काठाला आम्ही डोलीतून माणसं आणायचो तिथं हेलिकॉप्टर उतरलं. तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचं काम निघालं. नवं महाबळेश्वर करायचं म्हणून शेकडो गावांचा आराखडा झाला. २०२४ साली खोऱ्यातल्याच झाडाणी गावातल्या जमीनखरेदीवरून वर्तमानपत्रं भरून आली. जी वरकस फुकट कुणी घेत नव्हतं ती एकरांनी विकली जातेय. घेणाऱ्याला नाचणी नको, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे.

गेल्या जत्रेला मंडळाची बैठक झाली. मुंबईकरांचा ठराव होता की देवळापर्यंत काँक्रीट रस्ता आणि गाड्या लावायला जागा करावी. मी सुचवलं, त्याबरोबर आंबिवलीची घाटवाटही साफ करून घ्या, वर्गणीतला थोडा पैसा लागेल, खालच्या सोयऱ्यांना देवाला यायला जवळ पडेल. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, ते सोयरे पण आता घाटकोपरला असतात." सगळे हसले, मीही हसलो. मग चिटणिसानं ते इतिवृत्तात लिहून घेतलं, "पुढील वर्षी विचार करणे", आणि माझ्या नावावर घाटसफाईची एकशे एक रुपये वर्गणी मांडली. ती मी तिथंच भरली आणि पावती घेतली.